दुधाच्या बाटलीपासून शेव-गाठ्यांपर्यंत

हेडफोन लावलेत? चला.

आजचा एपिसोड मला गेटवेच्या लाँचमध्ये सुचला. हिवाळ्यात एलिफंटाला जाताना बोटीमागे कुरव, म्हणजे आपले सीगल, घिरट्या घालत असतात आणि लोक त्यांना शेव-गाठ्या टाकतात. मीही टाकल्या. एकाने हवेतच गाठी पकडली, काय भारी वाटलं! तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, तेल-मीठ आहे त्यात. ते त्यांचं खाणं आहे का?" मी गप्प. घरी येऊन वाचत बसलो आणि थेट ब्रिटनला पोचलो.

तसं पाखरांना दाणे टाकणं आपल्याकडे जुनंच. पण ब्रिटनमध्ये हिवाळ्यात अंगणात पक्ष्यांना खाऊ घालणं हा घराघरातला छंद झाला आणि त्याच्या नोंदीही राहिल्या. १८९०चा डिसेंबर आठवा. म्हणजे आपण कुठे होतो, पण मध्य इंग्लंडच्या नोंदींत तो आजवरचा सगळ्यात थंड डिसेंबर आहे. जमीन गोठली की किडे मिळत नाहीत, बर्फाखाली बी दिसत नाही. ब्ल्यू टिट हा निळा-पिवळा पक्षी जेमतेम ११ ग्रॅमचा. दिवसभरात साठवलेल्या चरबीवर त्याला अख्खी रात्र काढायची असते. दिवस छोटा, रात्र लांब. एक दिवस उपाशी गेला तर सकाळ दिसेलच असं नाही. त्या हिवाळ्यात वर्तमानपत्रांनी लोकांना आवाहन केलं, की पक्ष्यांसाठी बाहेर खाणं ठेवा. लोकांनी ठेवलं.

पुढची गंमत ऐका. तिकडे दूधवाला सकाळी दारात बाटल्या ठेवून जायचा. १९२१ मध्ये साउदॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंगमध्ये टिट पक्षी बाटलीचं झाकण फोडून वरची साय खाताना दिसले. नंतर हा उद्योग कुठेकुठे पसरला, त्याची माहिती जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड यांनी लोकांकडून गोळा केली आणि १९४९ मध्ये छापली. म्हणजे बघा, खिडकीतून बघणाऱ्या साध्या माणसांच्या नोंदींतून विज्ञान उभं राहिलं. १९७९ पासून तर तिथे दर जानेवारीत एक तास बागेतले पक्षी मोजायचा कार्यक्रमच असतो. सुरुवात मुलांसाठी झाली, आता घरंच्या घरं मोजायला बसतात.

इथपर्यंत सगळं गोड. पण आपल्या खाऊने पक्षी बदलतात का? हो, बदलतात! ब्लॅककॅप हा मध्य युरोपातला पक्षी थंडीत दक्षिणेकडे, स्पेनच्या बाजूला जायचा. त्यातले काही वायव्येला, ब्रिटनमध्ये यायला लागले. पीटर बर्थोल्ड यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवलं, की ही दिशा पिल्लांना आईबापांकडून जन्मजातच मिळते. आणि ब्रिटनमधला त्यांचा हिवाळा निभावण्यात बागेतल्या खाण्याचा मोठा हात आहे.

आता वाईट बातमी. २००५ मध्ये ग्रीनफिंच हा हिरवा पक्षी एका आजाराने मरायला लागला. कबुतरांत आधीपासून असलेला एक परजीवी त्याच्यात शिरला होता. घसा सुजतो, गिळता येत नाही, तोंडातला दाणा परत बाहेर पडतो आणि पुढचा पक्षी तोच दाणा उचलतो. जिथे गर्दी, तिथे लागण. आणि गर्दी कुठे? आपण प्रेमाने टांगलेल्या दाण्याच्या भांड्यावर! २०२१ मध्ये ग्रीनफिंच ब्रिटनच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला.

मग खाऊ घालणं बंद करायचं? मला तसं वाटत नाही. त्याच भांड्याने कडाक्याच्या थंडीत जीवही वाचवलेत. पण तिकडचे लोक जे शिकले ते आपणही शिकू या: भांडं नियमित घासायचं, शिळं टाकून द्यायचं, आजारी पक्षी दिसला तर काही दिवस खाणं थांबवायचं. आणि त्यांना झेपेल तेच द्यायचं.

आपल्याकडे तसा बर्फ नाही. माझ्या गॅलरीत आता फक्त पाण्याचं मातीचं भांडं आहे, रोज धुतलेलं. लाँचमध्ये पुन्हा बसलो तर गाठ्या मीच खाणार, कुरव नुसते बघणार. काकू, थँक्यू हं!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.