अचलपूरचे मूळचे लोक

गाव लहान असले म्हणजे त्यातील वस्ती एकजिनसी असावयाची, असा मोठ्या शहरात राहणाऱ्यांचा सर्वसाधारण समज असतो. मुंबईस शंभर जातींचे व शंभर मुलखांचे लोक एकत्र नांदतात, ह्याचे कोणास नवल वाटत नाही. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी, सापन व बिच्छन ह्या नद्यांच्या काठी वसलेल्या अचलपुरासारख्या तालुक्याच्या गावी तसे असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अमरावतीहून उत्तरेस सुमारे पन्नास किलोमीटरांवरचे हे गाव वऱ्हाडची जुनी राजधानी होय. राजधानीचे वैभव गेले. मात्र त्या वैभवाच्या पाठोपाठ आलेली माणसे गेली नाहीत. आणि म्हणूनच ह्या गावी जागेचा, मिरवणुकीच्या वाटेचा किंवा निवडणुकीचा तंटा उपस्थित झाला म्हणजे एक प्रश्न हटकून पुढे येतो : मूळचा कोण आणि उपरा कोण? हा प्रश्न इतिहासाला विचारून पाहण्यासारखा आहे, कारण इतिहासाचे उत्तर दोन्ही पक्षांना गैरसोयीचे आहे.

प्रथम नावाचाच वाद घेऊ. अचलपूर हे शुद्ध हिंदू नाव आणि एलिचपूर हा मुसलमानी अमलातील अपभ्रंश, अशी एक समजूत आहे. ईल नावाच्या राजाने हे गाव वसविले म्हणून ते एलिचपूर, अशी दुसरी आख्यायिका सांगतात. परंतु बाराव्या शतकात गुजराथेत होऊन गेलेले जैन पंडित हेमचंद्र ह्यांनी आपल्या प्राकृत व्याकरणात ह्या गावासाठी एक स्वतंत्र नियमच दिला आहे. अचलपूर ह्या शब्दातील ‘च’ व ‘ल’ ह्यांची प्राकृतात अदलाबदल होऊन ‘अलचपूर’ होते, असे त्यांचे म्हणणे. अल्लाउद्दीन खिलजी ह्या वाटेने देवगिरीवर चालून गेला तो १२९६ साली. म्हणजे त्याच्या घोड्यांच्या टापा वऱ्हाडात वाजण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे सामान्य लोकांच्या तोंडी हे नाव फिरलेले होते! महानुभावांच्या लीळाचरित्रातही ते ‘अळजपूर’ असेच येते. तेव्हा एक नाव आपले व दुसरे परक्यांचे, ही वाटणी पहिल्याच पायरीवर निसटते.

आता माणसांकडे वळावे. सातपुड्यापलीकडे बैतुलच्या बाजूस सापडलेल्या तिवरखेडच्या ताम्रपटात राष्ट्रकूट घराण्यातील नन्नराजाने अचलपुराहून दान दिल्याचा निर्देश आहे. तो राजशासनाचा कागद. त्यात गावकरी दिसत नाहीत. अचलपुरात राहून लिहिणारा ज्ञात असा पहिला ग्रंथकार शोधू गेल्यास हरिषेण हा जैन कवी भेटतो. त्याने अपभ्रंश भाषेतील आपली ‘धम्मपरिक्खा’ विक्रम संवत १०४४ मध्ये, म्हणजे इ. स. ९८८ च्या सुमारास, ह्या गावी पुरी केली. आणि हा हरिषेण स्वतःच सांगतो की आपण चितोडचे. काही कामानिमित्त अचलपुरास आलो! गावाच्या वाङ्मयीन इतिहासाचा आरंभच असा एका परगावच्या माणसापासून होतो. जवळचे मुक्तागिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र असल्यामुळे यात्रेकरूंचा व व्यापाऱ्यांचा राबता तेव्हापासून अखंड असावा, हे सहज समजण्यासारखे आहे.

ह्या सगळ्या कथेतील सर्वांत बोधप्रद पुरुष मात्र पुढेच आहे. बहमनी राज्य मोडकळीस आले तेव्हा १४९० साली वऱ्हाडात इमादशाही उभी राहिली. तिचा संस्थापक फतेहउल्ला इमादउल्मुल्क हा ना इराणी, ना तुर्क, ना पठाण. तो विजयनगरच्या मुलखातील ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत लहानपणी कैद होऊन तो वऱ्हाडचा सुभेदार खानजहान ह्याच्या पदरी वाढला, मुसलमान झाला आणि स्वतःच्या कर्तबगारीने त्याच सुभेदारीवर चढला. त्या काळी दख्खनच्या दरबारात दोन तट होते : एक समुद्रापलीकडून आलेल्या इराणी-तुर्की सरदारांचा, त्यांस ‘आफाकी’ म्हणत, दुसरा इकडच्या ‘दक्षिणी’ मुसलमानांचा, ज्यांच्या बाजूस हबशी सरदारही असत. फतेहउल्ला दक्षिणी पक्षाचा. म्हणजे ‘इकडचे’ आणि ‘बाहेरचे’ हे भांडण मुसलमान सरदारांतही तितकेच कडवे होते, आणि त्यात धर्म एकच असून भागत नव्हते.

गाविलगडच्या दिल्ली दरवाजावर एक शिल्प आहे. दोन डोक्यांचा गंडभेरुंड आपल्या चोचींत व नखांत हत्ती धरून उभा आहे. गंडभेरुंड हे चिन्ह कर्नाटकाच्या राजपरंपरेतील. वऱ्हाडच्या सुलतानाच्या किल्ल्यावर ते कसे आले, ह्याचा उलगडा अभ्यासक फतेहउल्लाच्या जन्मभूमीवरून करतात. धर्म बदलला, भाषा बदलली, राज्य मिळाले. तरी आपण कोठून आलो हे दगडात कोरून ठेवावेसे त्याला वाटले असेल, तर ते किती मानवी आहे! अशा पुरुषाच्या घराण्याने अचलपुराहून १५७४ पर्यंत राज्य केले. ह्या वंशाला मूळचे म्हणावे की उपरे? कानडी मुलखाचे म्हणावे की वऱ्हाडी? शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात इमादशाही एका ओळीत आटोपतात, हे खेदाचे आहे.

इमादशाहीनंतर अहमदनगरची निजामशाही आली, १५९६ मध्ये चांदबीबीने वऱ्हाड मोगलांस तोडून दिले, आणि १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर तो हैदराबादच्या निजामाकडे गेला. निजामाच्या वतीने येथे पन्नी जातीचे पठाण कारभार पाहू लागले. इस्माईलखान, सलाबतखान व नामदारखान हे त्यांतील गाजलेले. पठाणी वस्तीची भर ह्या काळात पडली. त्याच वेळी नागपूरकर भोसल्यांचा अंमलही वऱ्हाडावर असल्यामुळे दुहेरी वसुलीची ‘दुअमली’ चालू झाली, आणि तिच्याबरोबर मराठी कमाविसदार व शिलेदार आले. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी गाविलगड घेतला तेव्हा गडाचे रक्षण करीत पडलेला किल्लेदार बेनीसिंग हा रजपूत होता, तो लढत होता भोसल्यांसाठी, आणि सलाबतखानाची पठाणी फौज ह्याच मोहिमेत इंग्रजांच्या बाजूस होती. कोण कोणाच्या बाजूस हे जातीवरून ओळखू पाहणाऱ्याने ह्या लढाईचा हिशेब मांडून पाहावा.

आणि हे सर्व चालू असताना वर डोंगरात कोरकू होतेच. ‘कोरकू’ ह्याचा त्यांच्या भाषेतील अर्थ ‘माणसे’ एवढाच. त्यांची भाषा मराठीशी नव्हे, शेजारच्या गोंडीशीही नव्हे, तर दूर छोटानागपुरातील संताळी-मुंडारी ह्या भाषांशी नाते सांगते. मूळचेपणाचा मान ज्येष्ठतेवरून द्यावयाचा झाला, तर तो बहुधा ह्यांच्याकडे प्रथम जावा. पण मूळचा कोण ह्या वादात कोरकूंचे नाव कोणी घेत नाही. मोळी, मध व मोहफुले घेऊन ते परतवाड्याच्या बाजारात येत राहिले, एवढीच त्यांची दखल. मूळचेपणाच्या गप्पा कशासाठी मारल्या जातात, हे ह्यावरून पुरेसे कळते.

परतवाडा हे गावाचे जोडगाव, आणि त्याची कुळकथा निराळी. तेथे हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. तीत उत्तर हिंदुस्थानातील शिपाई पुष्कळ. त्यांस वऱ्हाडी लोक ‘परदेशी’ म्हणत, आणि तेच पुढे कित्येकांचे आडनाव होऊन बसले. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांस लावून दिला तोही ह्याच फौजेच्या खर्चासाठी. १९०३ साली ती हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. शिपाई पेन्शनीत निघाले, घरे मात्र येथेच राहिली. दरम्यान अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) वऱ्हाडच्या कापसास सोन्याचे मोल आले, आणि मारवाडी, गुजराथी व कच्छी व्यापारी सरकी-गाठींच्या धंद्यात उतरले. परंतु नागपूरकडे जाणारा लोहमार्ग बडनेऱ्यावरून गेला व अचलपूर बाजूला पडले. १९०१ च्या खानेसुमारीत अमरावती ३४,२१६ वर पोहोचली असता जुनी राजधानी २६,०८२ वर होती. मुर्तिजापुराहून अरुंद रुळांची गाडी आली ती १९१३ मध्ये, आणि तीही कापसासाठी.

त्याच १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख रिस्ले हे माणसांची नाके व डोकी मोजून त्यांचे वंश ठरवीत असत. मराठी माणूस हा शक व द्रविड ह्यांचे मिश्रण, असा निकाल त्यांनी दिला होता. ते शास्त्र आता कोणी मानीत नाही. अलीकडे, २०१३ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाचे म्हणणे असे की भारतातील बहुतेक सर्व समाजांत सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी मोठी सरमिसळ झाली, आणि जातीबाहेर लग्न न करण्याचा निर्बंध त्यानंतरचा. म्हणजे भिंती मागाहून उभारल्या गेल्या. खानेसुमारीचे रकानेही किती बेताचे असतात पाहा : १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरास डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, आणि वऱ्हाडातील हजारो महार कुटुंबे बौद्ध झाली. घर तेच, शेत तेच, माणूस तोच. १९६१ च्या गणनेत रकाना मात्र दुसरा.

आज अचलपूर-परतवाड्याची वस्ती लाखावर गेली आहे. सुलतानपुरा, अब्बासपुरा, हिरापुरा, जीवनपुरा ही पुऱ्यांची नावे कायम आहेत. अचलपुरी मुसलमानाच्या हिंदुस्थानीत शब्दावर जोर देण्यासाठी ‘च’ लागतो. ‘ऐसाच’, ‘वहींच’ असे तो म्हणतो. हा ‘च’ दिल्ली-लखनौच्या उर्दूत नाही. तो दख्खनीने मराठीकडून घेतला. शेजारच्या कुणब्याच्या वऱ्हाडीत वकील, जमीन, फसल, हप्ता हे शब्द तितक्याच सहजपणे येतात, ते फारसी-अरबीकडून आलेले. गणनेच्या दिवशी एकाची मातृभाषा उर्दू म्हणून लिहिली जाते आणि दुसऱ्याची मराठी म्हणून.