खुळखुळणारी रायफल आणि खरा दोष

व्हिएतनाम युद्धाविषयी वाचताना एम-१६ रायफलीचे नाव वारंवार येते, आणि बहुतेक वेळा शिवीसारखे येते. ती पहिल्यांदा हातात घेणाऱ्याची आणखी एक तक्रार असते. तिचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांवर हलतो, खुळखुळतो. हत्यारच असे ढिले असेल तर नेम कसा लागणार? शंका रास्त वाटते. पण मी तिचा माग घेतला, तेव्हा दोष भलतीकडेच निघाला.

आधी रचना पाहू. युजीन स्टोनर यांनी १९५०च्या दशकात आर्मालाइट कंपनीत ही रायफल घडवली. तिचा सांगाडा, म्हणजे रिसीव्हर, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या दोन तुकड्यांचा आहे. पुढे एक आणि मागे एक अशा दोन पिनांनी ते जोडलेले असतात. मागची पिन सरकवली की रायफल मधोमध उघडते आणि सैनिकाला ती जागेवरच साफ करता येते. पिन सहज सरकायची तर थोडी मोकळीक ठेवावीच लागते. खुळखुळ तिथून येते.

आता गोळीची वाट कोण ठरवते ते बघा. नळी वरच्या भागात घट्ट आवळलेली असते. नेम धरायची मागची साईट त्याच भागावर, तर पुढची थेट नळीवर बसते. स्फोटाचा दाब झेलणारा बोल्ट किंचित फिरून आपल्या दातांनी नळीच्या मागच्या पोलादी कड्यात अडकतो. खाली उरतात चाप, घोडा, मॅगझिन आणि दस्ता. गाल आणि खांदा दस्त्याला टेकत असल्याने स्पर्धेतले काही नेमबाज ही फट बुजवून घेतात, पण लढाईत तो फरक नगण्यच.

ढिलेपणा कधीच बाधत नाही, असा याचा अर्थ नाही. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली, ईशापूरच्या कारखान्यातही बनलेली ‘थ्री नॉट थ्री’ घ्या. तिची नळी लाकडात बसवलेली असते. लाकूड दमटपणाने फुगले किंवा उन्हाने आटले की नळीवरचा दाब बदलतो आणि गोळी नेमापासून सरकते. म्हणून काय हलते यापेक्षा कुठे हलते, हे विचारायला हवे.

मग व्हिएतनाममध्ये एम-१६ का अडकत होती? मूळ रचना एका प्रकारच्या दारूवर बेतलेली होती. लष्कराने काडतुसातली दारू बदलली, पण नव्या दारूची रायफलीशी पुरेशी चाचणी घेतली नाही. नव्या दारूने गोळीबाराचा वेग वाढला आणि आत काजळी साचू लागली. काडतूस बसते त्या चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळे दमट हवेत तो गंजायचा. वर ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरलेला, आणि सफाईचे साहित्यही अपुरे. मग रिकामी पुंगळी चेंबरमध्ये रुतायची आणि ऐन चकमकीत सैनिक नळीत गज घालून ती बाहेर ढकलत बसायचा. कित्येक जण अशा अडकलेल्या रायफलीसह मेले.

१९६७मध्ये अमेरिकी संसदेच्या, रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने चौकशी केली. बिघाडाचे मुख्य खापर तिने दारूच्या बदलावर फोडले, आणि दोष ठाऊक असूनही हातावर हात ठेवून बसलेल्या अधिकाऱ्यांची हयगय गुन्ह्याच्या जवळ जाणारी ठरवली. म्हणजे जीव घेणारा निर्णय कचेरीत झाला होता, आणि बदनाम झाली रायफल.

पुढे चेंबरला क्रोम आला, आतला बफर बदलला, सफाईचे साहित्य पोहोचले, सैनिकांसाठी चित्रमय पुस्तिकाही छापली गेली. दोन तुकडे जोडणाऱ्या पिना मात्र तशाच राहिल्या. त्या बदलण्याची गरज कोणाला वाटली नाही.