सनदेतील अनुपस्थित नाव : रॉबर्ट फिट्झवॉल्टर

इ. स. १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या प्रास्ताविकात राजा जॉनच्या सल्लागार बिशपांची व उमरावांची नावे क्रमाने येतात. ज्यांच्या शस्त्रबळामुळे ही सनद द्यावी लागली, त्या बंडखोर उमरावांपैकी मात्र एकाचेही नाव तीत नाही. राजाने वचनभंग केल्यास त्याच्यावर सक्ती करण्याचा अधिकार ६१ वे कलम (हे क्रमांक अर्थातच नंतरच्या संपादकांचे) पंचवीस उमरावांना देते. तेथेही ते केवळ संख्येच्या रूपानेच अवतरतात. या पंचविसांतील एक आणि बंडाचा सेनानी म्हणजे रॉबर्ट फिट्झवॉल्टर. एसेक्समधील लिट्ल डनमोचा आणि लंडनमधील बेनार्ड किल्ल्याचा हा धनी इतिहासकारांना फारसा रुचलेला नाही. १२०३ मध्ये नॉर्मंडीतील व्होद्रई किल्ला त्याने व सेअर द क्विन्सीने न लढताच फ्रान्सच्या फिलिपच्या स्वाधीन केला. १२१२ मध्ये जॉनच्या हत्येचा कट उघडकीस आला तेव्हा तो फ्रान्सला पळाला आणि पुढच्याच वर्षी बेनार्डचा किल्ला राजाज्ञेने पाडण्यात आला. अशा माणसाने स्वातंत्र्याची भाषा बोलावी, हे अनेकांना ढोंग वाटत आले आहे.

परंतु ढोंगाचा आरोप करून प्रश्न सुटत नाही. फ्रान्समधील वनवासात त्याने स्वतःची बाजू कशी मांडली, हे एका समकालीन फ्रेंच इतिवृत्तात नोंदलेले आहे. पोपच्या प्रतिनिधीसमोर तो म्हणतो की, बहिष्कृत राजाची सेवा करणे आपल्या विवेकाला मान्य नव्हते; फिलिपच्या दरबारात तो सांगतो की, जॉनची वासना आपल्या विवाहित मुलीवर गेली होती. एकाच कृतीची ही दोन कथने आहेत आणि प्रत्येकाचा श्रोता निराळा आहे. त्यांतले खरे कोणते, हे ठरविण्याच्या खटाटोपात एक गोष्ट निसटते : राजाविरुद्धच्या उठावाला तोपर्यंत स्वतःची अशी सर्वमान्य भाषाच नव्हती. सरंजामी व्यवहारात तक्रार व्यक्तीची असे, अपमान कुळाचा असे आणि ऋण राजाचे असे. उत्तरेकडील उमरावांच्या कर्जबाजारीपणावर जे. सी. होल्ट यांनी १९६१ मध्ये प्रकाश टाकला, तोही याच व्यवहाराचा भाग होता.

मे १२१५ मध्ये उमरावांनी राजनिष्ठेची शपथ मोडली आणि फिट्झवॉल्टरला सेनापती निवडले. त्याने धारण केलेले बिरुद होते ‘परमेश्वराच्या व पवित्र चर्चच्या सैन्याचा मार्शल’. ही पदवी ना राजाने दिलेली, ना पोपने. उलट पोप तिसरा इनोसंट राजाच्याच बाजूचा होता आणि ऑगस्टमध्ये त्याने सनदच रद्दबातल ठरविली. तरीही हे बिरुद नुसती शब्दांची मिजास नव्हती. १७ मे रोजी लंडन बंडखोरांच्या हाती आले. त्यानंतर शहराच्या ताब्याविषयी जो करार झाला, त्यात एका बाजूला राजा जॉन आहे आणि दुसऱ्या बाजूला याच बिरुदासह फिट्झवॉल्टर. स्वतःच घेतलेली उपाधी राजाशी झालेल्या लेखी व्यवहारात शिरते, आणि वैयक्तिक वैर सार्वजनिक पदाच्या रूपात बोलू लागते. सनदेत ही प्रक्रिया आणखी पुढे जाते : तेथे बिरुदही गळून पडते आणि ‘पंचवीस’ ही संख्या तेवढी उरते.

सेनानी म्हणून त्याची कामगिरी यथातथाच होती. रॉचेस्टरच्या वेढ्यात अडकलेल्यांना तो सोडवू शकला नाही. सनदेनंतरच्या काही आठवड्यांत त्याच्या नावाने गेलेले एक पत्र रॉजर ऑफ वेंडोव्हरने जपून ठेवले आहे. लंडन हातचे जाऊ नये म्हणून ठरलेली शस्त्रस्पर्धा शहराजवळ हलविल्याचे त्यात कळविले आहे, आणि विजेत्याला एक स्त्री अस्वल बक्षीस देईल, अशी पुस्तीही जोडली आहे! परमेश्वराच्या सैन्याचा हा मार्शल अखेर आपल्या वर्गाचाच माणूस होता. पुढे फ्रेंच राजपुत्र लुईच्या बाजूने लढताना, २० मे १२१७ रोजी, लिंकन येथे तो कैद झाला.

एलिझाबेथकालीन साहित्याने या प्रक्रियेची दिशाच उलटविली. मायकेल ड्रेटनचे ‘मटिल्डा’ (१५९४) आणि अँथनी मंडेची १५९८ ची रॉबिनहूडविषयक नाटके यांत फिट्झवॉल्टर उरतो तो कन्येचा पिता म्हणून. राजाच्या वासनेला नकार देणारी मटिल्डा मंडेकडे मेड मॅरियनशी एकरूप होते आणि शेवटी विषाने मरते. फिलिपच्या दरबारातील कथन येथे फळाला आले. सनदेचे राजकारण मात्र घरगुती शोकांतिकेत विरून गेले. शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’मध्ये तर फिट्झवॉल्टरही नाही आणि मॅग्ना कार्टाही नाही. प्रजा राजाला लेखी बांधून घेते, हे दृश्य त्या रंगभूमीला पेलणारे नसावे.

११ फेब्रुवारी १२२५ रोजी तिसऱ्या हेन्रीने सनद पुन्हा जारी केली. राजावर सक्ती करणाऱ्या पंचविसांचे कलम १२१६ च्या आवृत्तीपासूनच वगळलेले होते. या संहितेच्या शेवटी साक्षीदारांची लांबलचक यादी आहे, आणि तीत कोणत्याही बिरुदाविना रॉबर्ट फिट्झवॉल्टर हे नाव आहे.