टाकलेली आणि विभक्त

आमच्या माणदेशात एक शब्द फार सहज वापरतात. टाकलेली. ‘अमक्याची लेक टाकलेली हाय,’ म्हणजे नवऱ्यानं नांदवलं नाही, सोडचिठ्ठीही दिली नाही, पोरगी माहेरी येऊन बसली. आटपाडीत लहानपणापासून हा शब्द मी सगळ्या वस्त्यांत ऐकत आले, आमच्या मोहल्ल्यातही. पुरुषासाठी असा शब्द मात्र कधी कानावर आला नाही.

कायद्यात याच्या जवळची एक अवस्था आहे. तिला न्यायिक विभक्तता म्हणतात. लग्न मोडत नाही, दुसरं लग्न करता येत नाही, पण एकत्र नांदण्याचं बंधन कोर्ट काढून टाकतं. टाकलेली आणि विभक्त, दोघीही एकट्याच राहतात. पण एकीचं नशीब नवऱ्यानं परस्पर ठरवलेलं असतं, तर दुसरीच्या हातात कोर्टाचा हुकूम असतो. हा हुकूम बाईच्या हाती यायला फार वर्षं लागली.

१८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजी यांनी पत्नीनं नांदायला यावं म्हणून हायकोर्टात दावा लावला. पत्नी म्हणजे रखमाबाई. लहानपणी लग्न झालेलं, त्या सासरी कधी नांदल्याच नव्हत्या. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. पण प्रकरण पुन्हा चाललं, आणि १८८७ साली हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या डॉक्टर झाल्या. पण वेगळं राहण्यासाठी त्यांना किंमत मोजावी लागली, हे विसरून चालणार नाही.

त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, १९४६ साली, हिंदू विवाहित स्त्रीला विभक्त राहून पोटगी मागण्याचा हक्क देणारा कायदा झाला. नवरा छळतो, टाकून देतो, दुसरी बायको करतो, अशी कारणं त्यात होती. हा कायदा ब्रिटिश मुलखातला. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झालं, आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला तेव्हा आमचा मुलूखही त्यात होता.

त्या १९५५ च्या कायद्यातली एक गोष्ट आज अनेकांना ठाऊक नसते. छळ आणि टाकून देणं, या दोन कारणांवर तेव्हा थेट घटस्फोट मिळत नसे. मिळायची ती विभक्तता. दोन वर्षं तशीच काढल्यावर घटस्फोटाचं दार उघडायचं. लग्न हा संस्कार, तो मोडायचा कसा, या वादात काढलेली ही मधली वाट होती. खरं तर गावाकडच्या कितीतरी जातींत काडीमोड आणि पाट पूर्वीपासून होतेच, आणि रूढीनं चालत आलेला काडीमोड या कायद्यानंही मान्य ठेवला. १९७६ च्या दुरुस्तीनं घटस्फोट आणि विभक्तता यांची कारणं एकच झाली, मुदतही एका वर्षावर आली. तेव्हापासून विभक्तता मागं पडली. थेट घटस्फोट मिळत असेल तर मधे थांबायचं कशाला?

पण बायका मला सांगतात, ‘कुंकू राहू दे, त्या घरात मात्र जायचं नाही.’ हे भाबडेपण नव्हे. विभक्त बाई बायकोच असते. पोटगी मागू शकते, नवरा मृत्युपत्र न करता गेला तर वारस ठरते. धोकाही ध्यानात ठेवावा. हुकुमानंतर वर्षभर संसार पुन्हा सुरू झाला नाही, तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतो. नवराही.

माझ्या समाजाच्या कायद्यात ही पायरीच नाही. १९३९ च्या कायद्यानं मुस्लिम स्त्रीला कोर्टातून निकाह मोडून घेता येतो. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं खायला घातलं नसेल, अशी कारणं त्यात आहेत. एका दमातला तीन तलाक २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, २०१९ साली तो गुन्हा ठरला. पण तलाकही न देता टाकून दिलेल्या बाईचं काय? तिला निकाह मोडायचा नसेल, तर पोटगीचा अर्ज तेवढा उरतो. तो मात्र कुठल्याही धर्माच्या बाईला करता येतो.

१९८० च्या दशकात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमच्या सांगली जिल्ह्यात परित्यक्तांचा प्रश्न रस्त्यावर आणला. या बायका दया मागत नव्हत्या. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, कसायला जमीन, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मला ते महत्त्वाचं वाटतं. वेगळं राहण्याचा हक्क कोर्टाच्या कागदावर मिळतो, पण वेगळं राहायला छप्पर लागतं, चूल लागते. ती नसेल, तर हुकूम हातात असूनही गाव तिला टाकलेलीच म्हणत राहील.