छंदिष्टांचे संग्रह आणि संगीताचा इतिहास

राजकीय इतिहासाची साधने दप्तरखान्यांत सापडतात. लोकप्रिय संगीताची साधने बहुधा तेथे पोहोचतच नाहीत. ती टिकली तर एखाद्या छंदिष्टाच्या आसक्तीमुळे टिकतात. या आसक्तीने इतिहासाला काय दिले आणि त्याच्या दृष्टीला कोणता बाक दिला, हे दोन समकालीन उदाहरणांवरून तपासता येते.

पहिले उदाहरण अमेरिकेतील ‘गॅरेज रॉक’चे होय. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्सचे गायन अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून प्रसृत झाले आणि गावोगावच्या तरुणांनी वाद्यवृंद उभारले. त्यांची गाणी लहानलहान स्थानिक कंपन्यांनी अल्प संख्येत मुद्रित केली आणि ती लवकरच विस्मृतीत गेली. १९७२ मध्ये लेनी के यांनी १९६५ ते १९६८ या काळातील २७ गाणी निवडून ‘नगेट्स’ हा दोन तबकड्यांचा संग्रह सिद्ध केला. ‘गॅरेज’ ही संज्ञाही रूढ झाली ती या सुमारास व यानंतर. म्हणजे हा वर्ग वादकांनी स्वतः कल्पिलेला नसून संग्राहकांनी मागाहून घडविलेला आहे.

दुसरे उदाहरण मुंबईचे. राजा नवाथे दिग्दर्शित ‘गुमनाम’ (१९६५) या चित्रपटाच्या आरंभीच्या नृत्यगीतात टेड लायन्स अँड हिज कब्ज हा वाद्यवृंद दिसतो. संगीत शंकर-जयकिशन यांचे. पडद्यावर मुखवटा घालून गाणारे हर्मन बेंजामिन, आवाज मात्र महंमद रफी यांचा. ‘घोस्ट वर्ल्ड’ (२००१) या अमेरिकन चित्रपटात हे दृश्य आल्यावर पाश्चात्य संग्राहकांना त्याचे विशेष आकर्षण वाटू लागले. परंतु पार्श्वगायनाच्या पद्धतीत दिसणारा गायक व ऐकू येणारा गायक जसे भिन्न असतात, तसेच वादकांचेही असू शकते. म्हणून केवळ दृश्यावरून वादनाचे श्रेय ठरविता येत नाही.

येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. त्या काळच्या मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा मोठा भरणा होता. पोर्तुगीज अमदानीतील चर्चच्या शाळांतून त्यांना पाश्चात्य स्वरलिपीचे शिक्षण मिळाले होते. शंकर-जयकिशन यांच्या कित्येक रचनांचे वाद्यवृंद-संयोजन सेबॅस्टियन डिसोझा यांनी केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिनचे शिक्षण दिले. तथापि तबकडीवर संगीतकाराचे व गायकाचे नाव छापले जाई. संयोजकाचे व वादकांचे बहुधा नसे. त्यामुळे तबकडी जपणाऱ्याने ध्वनी जपला, पण तो निर्माण करणाऱ्यांची नावे त्या साधनातच नव्हती.

ही उणीव दोन प्रकारच्या परिश्रमांनी अंशतः भरून निघाली. कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी ‘हिंदी फ़िल्म गीत कोश’ संकलित करून चित्रपटगीतांची वर्षवार नोंद केली. हे काम संस्थेचे नव्हे, व्यासंगी रसिकाचे. दुसरीकडे ग्रेगरी बूथ यांनी वृद्ध वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये त्यांच्या जीवनावर व व्यवसायावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिल्याने गीतांचा सांगाडा दिला, दुसऱ्याने त्यात माणसे आणली. मुलाखतीस उशीर झाला असता तर ती साक्ष कोणत्याही संग्रहातून परत मिळाली नसती.

छंदिष्टाच्या साक्षीचा एक दोषही ध्यानी घेतला पाहिजे. त्याला दुर्मिळ ते मोलाचे वाटते. इतिहासकाराला मात्र सार्वत्रिक काय होते हे जाणावयाचे असते. सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरविलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतील वाद्यवृंदांच्या तबकड्या १९७० व १९७१ मध्ये निघाल्या. आज त्यांवरून भारतीय बीट संगीताची कल्पना केली जाते. परंतु जे वृंद उपाहारगृहांत व महाविद्यालयांत वाजवीत राहिले आणि कधी मुद्रितच झाले नाहीत, ते या चित्रात येत नाहीत. मुद्रण हा अस्तित्वाचा पुरावा आहे. अमुद्रण हा अभावाचा पुरावा नव्हे.

सारांश, संग्राहकाची आसक्ती ही साधनांची जननी आहे, निर्णयाची नव्हे. तिने वाचविलेल्या तबकडीजवळ वादकाची साक्ष, वेतनाची वही आणि कार्यक्रमपत्रिका आणून ठेवणे हे संशोधकाचे कार्य होय. या साधनांपैकी साक्ष सर्वांत आधी नाहीशी होते. म्हणून कार्याचा क्रमही तिच्यापासूनच सुरू व्हावयास हवा.