शिसवाची गिटार, सुताराचा कान

आजीच्या देवघरासमोर एक शिसवी पाट असे. तो एका कोपऱ्याला धरून उचलायचा, बोटाच्या पेराने ठोकायचा आणि कान लावायचा, हा माझा लहानपणचा उद्योग. सागवानी पाट ठक् करून गप्प होई. शिसवी पाटाचा आवाज मात्र थोडा वेळ हवेत रेंगाळे. तो आवाज कित्येक वर्षांनी पुन्हा भेटला सिकंदराबादेत, मारेडपल्लीतल्या एका मित्राच्या घरी. त्याने एका कारागिराला मापं देऊन घडवून घेतलेली गिटार नुकतीच आली होती. त्याने सगळ्यात जाड तार छेडली आणि खर्जाच्या त्या स्वराची आस इतकी लांबली की आम्ही दोघेही बोलायचे थांबलो. गिटार उलटी करून पाहिली, तर मागे काळ्या-जांभळ्या रेघांचं शिसव.

सिकंदराबादेला गिटार परकी नाही. तिसरा निजाम सिकंदर जाह याच्या नावाने १८०६ मध्ये इथे इंग्रजांची छावणी वसली. पलटणींबरोबर बँड आले, चर्चमधलं गाणं आलं. १८७४ मध्ये वाडी जंक्शनकडून रेल्वे आली, पुढे लालागुड्याला रेल्वेचा कारखाना उभा राहिला, आणि लालागुडा-मेट्टुगुड्याच्या वसाहतींत अँग्लो-इंडियन कुटुंबं नांदू लागली. त्यांच्या नाताळात नि नाचाच्या रात्रींत गिटार घरचीच होती. हुसेनसागर तलावाच्या पलीकडे हैदराबादेत कव्वाली, अलीकडे गिटार, असं हे जोडशहर.

पण वाद्य आलं कुठून? सतार आणि गिटार या नावांच्या शेवटी एकच ‘तार’ ऐकू येते, म्हणून त्या सख्ख्या बहिणी वाटतात. सतारीची तार फारसी आहे. सेहतार म्हणजे तीन तारांची. गिटारचं नाव मात्र ग्रीकांच्या ‘किथारा’पासून निघालं, अरबांच्या तोंडी बसलं आणि स्पेनमध्ये ‘गितारा’ झालं. नावापुरतं तरी त्यांचं नातं मानलेलंच. घडणाऱ्या हातांकडे पाहिलं, की खरं कूळ दिसू लागतं.

आजच्या शास्त्रीय गिटारला रूप दिलं ते आंतोनिओ दे तोर्रेस या स्पॅनिश कारागिराने. तो १८१७ मध्ये आल्मेरियाजवळ जन्मला आणि पेशाने सुतार होता. त्याने गिटारचा देह मोठा केला, वरची फळी पातळ केली आणि तिला आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्यांचा आधार दिला. दुसरा मोठा कारागीर म्हणजे सी. एफ. मार्टिन. जन्म १७९६, जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शन गावचा. त्याचं घराणं कपाटं-टेबलं करणाऱ्या सुतारांचं. गावातल्या व्हायोलिनकारांच्या संघाने हरकत घेतली, की सुतारांनी वाद्यं करू नयेत. तो वाद वर्षानुवर्षं चालला. अखेर १८३३ मध्ये मार्टिनने न्यूयॉर्क गाठलं, १८३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला घर केलं, आणि त्या गावात आजही त्याच्या नावाच्या गिटारी बनतात. त्याच्याकडे फळीच्या पोटाशी पट्ट्यांची फुली आली. पुढे आतड्याच्या तारा जाऊन पोलादी आल्या, तेव्हा याच फुलीने ताण झेलला. सहा पोलादी तारा मिळून सुमारे ७० किलोची ओढ लावतात, आणि ती सहन करणारी फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते.

या सुतारांची गोष्ट वाचताना मला सारखं मिरज आठवत होतं. तिथे १८५०च्या सुमाराला हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी सतार-तंबोऱ्यांना हात घातला. धंदाच आडनाव झाला आणि सतारमेकर घराणी उभी राहिली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सुतार काय, शिकलगार काय, ज्याला वाद्यकारांचं घराणं नाही असा माणूस हत्याराच्या जोरावर नादापर्यंत पोचला. कुलीन वाद्यकारांनी दार लावून घेतलं, तरीही.

आता शिसव. मार्टिनच्या कारखान्यात पाठीसाठी आणि बाजूंसाठी ब्राझीलचं शिसव वापरत. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने न कापलेले ओंडके बाहेर पाठवण्यावर निर्बंध आणले आणि १९६९ मध्ये मार्टिनने भारतीय शिसव घेतलं. ते आपल्या सह्याद्रीच्या रांगेतलं, म्हैसूर-मलबार-निलगिरीकडचं. कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी राखलेल्या झाडांतही ते असतं. उत्तरेतला शिसम याचा चुलतभाऊ. दोघांची गल्लत नेहमी होते. म्हणजे वाड्यातल्या पलंगाचं आणि पाटाचं लाकूड गेली पन्नासहून अधिक वर्षं जगभरच्या गिटारींची पाठ झालं आहे. २०१७ च्या जानेवारीपासून भारतीय शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागू लागले. वादकांना आपली गिटार घेऊन सीमा ओलांडायची धास्ती वाटू लागली, तेव्हा २०१९ मध्ये त्या लाकडाच्या तयार वाद्यांना सूट मिळाली. झाडाची काळजी मात्र संपलेली नाही, संपूही नये.

इथवर येऊन मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की मित्राच्या गिटारचा तो नाद शिसवाचाच. मग एक प्रयोग वाचनात आला. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या. सगळं सारखं, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड निराळं. त्यांत भारतीय शिसव होतं, तसं दुर्मिळ ब्राझिलियनही. ५२ गिटारवादकांनी मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचा चष्मा चढवून त्या वाजवल्या. कुठलंच लाकूड ठळकपणे सरस ठरलं नाही. २०१८ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. तोर्रेसला हे आधीच उमगलं असावं. १८६२ मध्ये त्याने पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याची असलेली गिटार केली होती. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण त्या निमित्ताने वरची फळी दिसली. मिरजेत तिला तबली म्हणतात, आणि मला वाटतं, तोच शब्द गिटारलाही शोभतो. ती स्प्रूसची असते, आल्प्समधल्या किंवा अलास्काच्या किनाऱ्यावरच्या थंडीत सावकाश वाढलेल्या झाडाची. वजनाला हलकी, रेषेच्या दिशेने ताठ. एकाच ओंडक्याच्या दोन फळ्याही सारख्या नसतात. कारखान्यात जाडी आधी ठरते, फळी नंतर येते. हाताने घडवणारा उलट करतो. फळी दोन बोटांत लटकती धरतो, ठोकतो, ऐकतो, रंधा मारतो, वाकवून पाहतो, पुन्हा ठोकतो. जाड राहिली तर स्वर गुदमरतो, फार पातळ झाली तर तारांच्या ओढीने पोट फुगतं. कुठे थांबायचं हे कानाला आणि अंगठ्याला कळतं. मागणी देऊन करवून घेतलेल्या गिटारची किंमत मुख्यत्वे या थांबण्याची आहे. मित्राचा पंजा लहान, म्हणून दांडी जराशी अरुंद केली होती. ती सोय मोलाची, पण दुय्यम.

एका बाबतीत मात्र मिरज आणि नाझरेथ अगदी उलट. तंबोऱ्याच्या घोडीवर कारागीर जवारी काढतो, म्हणजे तार घोडीच्या उतरत्या पाठीला हलकेच घासत राहील अशी ती घडवतो, आणि त्या घासण्यातून स्वराला झळाळी येते. गिटारची तार हाडाच्या पट्टीवरून स्वच्छ सुटायला हवी. कुठे घासली की ती तक्रार घेऊन गिऱ्हाईक परत येतं. एकाची शोभा ती दुसऱ्याचा दोष, आणि दोघांचीही कानस त्याच जागी, केसाच्या अंतरावर फिरते.

सिकंदराबादेच्या हवेत या पातळ फळीचे हाल होतात. पावसाळ्यात ती ओल पिऊन फुगते, तारा बोटांपासून उंच जातात. मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की लाकूड आकसतं आणि दांडीच्या कडेने पडद्यांची टोकं बोटाला टोचू लागतात. या कोरडेपणावर उपाय साधा. साबणाच्या डबीला भोकं पाडायची, आत ओला करून पिळलेला स्पंज ठेवायचा आणि डबी गिटारच्या पेटीत ठेवून द्यायची. यंदा मे महिनाभर मित्र परगावी आहे. पेटी माझ्याकडे आहे. दर तीन दिवसांनी स्पंज ओला करायचं काम मी मागून घेतलं आहे, आणि पेटी बंद करण्याआधी दर वेळी शिसवाच्या पाठीवर बोटाच्या पेराने एकदा ठोकून ऐकतो.