हार्ड डिस्क लावलेली असली की कॉम्प्युटर सुरूच होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

रात्री उशिरापर्यंत व्यवस्थित चाललेला कॉम्प्युटर सकाळी सुरू करावा, तर काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ दिसते: 'ऑपरेटिंग सिस्टम नॉट फाउंड'. किंवा कंपनीचा लोगो येतो आणि तिथेच गाडी अडते. घरात धावपळ सुरू होते. कोणीतरी मशीन उचलून दुकानात नेतं. तिथे 'विंडोज उडालीय, फॉरमॅट मारावा लागेल' असं सांगितलं जातं आणि बघताबघता मुलांचे फोटो, टॅलीचा डेटा, अर्धवट राहिलेला प्रोजेक्ट असं सगळं पुसलं जातं.

अशा कित्येक वेळा विंडोजला काहीही झालेलं नसतं. आदल्या रात्री बॅकअप घेण्यासाठी लावलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह मागच्या बाजूला तसाच राहिलेला असतो, एवढंच.

म्हणून पहिली चाचणी अगदी साधी आहे. कॉम्प्युटर पूर्ण बंद करायचा. कीबोर्ड आणि माऊस सोडून यूएसबीला लावलेलं सगळं काढायचं: हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, प्रिंटर, चार्जिंगला लावलेला मोबाईलसुद्धा. मग पुन्हा सुरू करायचा. विंडोज नेहमीसारखी उघडली, तर आतली डिस्क आणि विंडोज दोन्ही शाबूत आहेत. आता बाहेरची डिस्क लावून बघावी. फाइल्स दिसल्या तर तीही ठीक आहे. भांडण फक्त 'सुरू होताना ती लावलेली असणं' या एका गोष्टीशी आहे.

नेमकं बिघडतं काय?

पॉवरचं बटण दाबल्यावर विंडोज लगेच जागी होत नाही. आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम चालतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्या मशीनमध्ये यूईएफआय. रॅम, कीबोर्ड, डिस्क असं काय काय जोडलेलं आहे ते तो तपासतो आणि मग ऑपरेटिंग सिस्टम शोधायला निघतो. कुठे आधी शोधायचं याची यादी त्याच्याकडे असते. हीच ती 'बूट ऑर्डर'.

या यादीत यूएसबी वरच्या नंबरावर असेल, तर आधी बाहेरच्या डिस्कचं दार ठोठावलं जातं. जुना बायोस तिथे फारशी चौकशी करत नाही. डिस्कचा अगदी पहिला तुकडा, म्हणजे ५१२ बाइटचा सेक्टर तो वाचतो, त्याच्या शेवटी ठरावीक खूण दिसली की 'इथून सुरू करता येतं' असं समजतो आणि सूत्रं तिच्या हाती देतो. नुसते फोटो आणि सिनेमे भरलेल्या अनेक डिस्कवरही ही खूण असते, कारण फॉरमॅट करतानाच ती लिहिली जाते. पुढे ऑपरेटिंग सिस्टम काही सापडत नाही आणि मशीन तिथेच थांबतं. आतल्या डिस्ककडे वळून बघण्याची तसदीही बऱ्याचदा घेतली जात नाही.

यूईएफआय यापेक्षा शहाणा आहे. तो बाहेरच्या डिस्कवर सुरुवात करून देणारी विशिष्ट फाइल शोधतो, ती नसेल तर पुढच्या नंबराकडे जातो. त्यामुळे निव्वळ डेटा असलेल्या डिस्कपायी नवा लॅपटॉप अडकण्याचं प्रमाण कमी असतं. पण कधीकाळी विंडोज किंवा लिनक्स टाकण्यासाठी तयार केलेला पेन ड्राइव्ह लावलेला असेल, तर थेट इन्स्टॉलेशनचा निळा किंवा जांभळा स्क्रीन समोर येतो. खरा धोका इथे आहे. काहीतरी दुरुस्ती चालली असेल असं समजून 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेल्यास आतली डिस्क खरोखरच पुसली जाऊ शकते. असा स्क्रीन दिसला की काहीही न दाबता पॉवरचं बटण धरून मशीन बंद करावं आणि पेन ड्राइव्ह काढावा.

बूट ऑर्डर कशी बदलायची?

मशीन सुरू होताना एक ठरावीक बटण वारंवार दाबलं की सेटअपमध्ये जाता येतं. डेलमध्ये ते एफ२ असतं, एचपीमध्ये बहुतेक वेळा एफ१०, लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एफ२ किंवा एफ१, असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर सहसा डिलीट. नवे लॅपटॉप इतक्या झटकन सुरू होतात की बटण दाबायला वेळच मिळत नाही. तिथे विंडोज ११ च्या सेटिंग्जमधल्या सिस्टम, रिकव्हरी, अॅडव्हान्स्ड स्टार्टअप या वाटेने जावं. पुढच्या निळ्या स्क्रीनवर ट्रबलशूट आणि मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' हा पर्याय मिळतो.

मात्र त्याआधी एक काम करायलाच हवं. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सुरू होण्याच्या सेटिंग्जमध्ये बदल झाला की हे कुलूप संशय घेतं आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मिळाली नाही, तर डेटा समोर असूनही उघडत नाही. तो सोडवून देणारा कुठलाही कारागीर नाही. लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने सुरू केलेला असेल, तर बहुतेक वेळा ही की त्याच अकाउंटमध्ये साठवलेली असते. ती आधी कागदावर उतरवून ठेवावी. कधी कधी नुसती बाहेरची डिस्क लावल्यानेही हा स्क्रीन येतो. तेव्हा घाबरून न जाता मशीन बंद करावं, डिस्क काढावी आणि पुन्हा सुरू करून बघावं.

सेटअपमध्ये 'बूट' नावाचा विभाग असतो. तिथे आतली डिस्क किंवा 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या नंबरावर आणायचा, यूएसबी खाली ढकलायचं आणि बदल सेव्ह करून बाहेर पडायचं.

जुन्या डेस्कटॉपमध्ये इथे एक गंमत आहे. यादीत पहिल्या नंबरावर 'हार्ड डिस्क' दिसते, सगळं बरोबर वाटतं, तरी मशीन अडतंच. कारण बाहेरची डिस्कही त्या बायोसच्या लेखी 'हार्ड डिस्क'च असते. अशा वेळी हार्ड डिस्कच्या क्रमाची वेगळी उपयादी शोधावी लागते. बाहेरची डिस्क लावूनच सेटअप उघडला, तर त्या उपयादीत ती वर जाऊन बसलेली दिसते.

बदल केला, दोन दिवस चाललं आणि वीज गेल्यावर पुन्हा तेच, असंही होतं. मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, बहुतेक ठिकाणी सीआर२०३२ या नंबरचा, ३ व्होल्टचा. तो संपला की वीज गेल्यावर सगळी सेटिंग्ज मूळपदावर येतात. घड्याळही मागे जात असेल, तर दोषी तोच. लोडशेडिंगच्या गावात हा सेल संपल्याचं लवकर कळतं.

लोगोवरच अडकत असेल तर

एरर येत नाही, नुसता लोगो दिसत राहतो, म्हणजे बायोस डिस्कची ओळख पटवण्यातच गुंतलेला आहे. दोनतीन मिनिटं थांबून बघावं. मग पोर्ट बदलावा: निळ्या यूएसबी ३ ऐवजी काळा यूएसबी २, पुढच्याऐवजी थेट मदरबोर्डवरचा मागचा. मधे हब असेल तर तो काढावा. केबल बदलून बघावी. जेमतेम दीडशे-दोनशे रुपयांच्या केबलने हैराण केल्याची उदाहरणं भरपूर आहेत. सेटअपमध्ये 'फास्ट बूट' किंवा 'लेगसी यूएसबी' असे पर्याय असतात, ते बदलूनही फरक पडतो. लेगसी यूएसबी बंद केल्यावर काही जुन्या मशीनवर सुरुवातीला यूएसबी कीबोर्ड चालेनासा होतो, हे मात्र ध्यानात असू द्यावं. मदरबोर्डच्या कंपनीने बायोसचं नवं व्हर्जन दिलं असेल, तर ते सगळ्यात शेवटी. ते टाकताना मधेच वीज गेली तर मशीन कायमचं बसू शकतं.

विजेचा मामला

यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३ चा ९०० मिलिअँपिअर करंट देईल असं गृहीत धरलेलं असतं. खिशात मावणारी २.५ इंची डिस्क यावरच चालते, पण आतली तबकडी फिरायला लागते त्या क्षणी तिला नेहमीपेक्षा जास्त करंट लागतो. पोर्ट जुना आणि केबल लांब असेल, तर डिस्क टिकटिक आवाज करत राहते आणि बायोस वाट बघत राहतो. मोठ्या ३.५ इंची डिस्कला स्वतःचा अॅडाप्टर असतो. ती आधी चालू करून मग कॉम्प्युटर सुरू करावा.

उलटा प्रकारही घडतो. हलक्या दर्जाचा, स्वतःचा अॅडाप्टर असलेला हब पोर्टातून कॉम्प्युटरकडेच वीज ढकलतो. बंद मशीनच्या कीबोर्डचा दिवा मंद जळत राहतो आणि पॉवरचं बटण दाबून काहीच होत नाही. हब काढून, मुख्य प्लग उपसून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं की मशीन ठिकाणावर येतं. तो हब मात्र पुन्हा लावू नये.

विंडोजची टिकली गरगर फिरतच राहिली तर

लोगोच्या पुढे जाऊन विंडोज सुरू होताना पाचदहा मिनिटं जात असतील आणि डिस्क काढताच सगळं झरझर होत असेल, तर संशय बाहेरच्या डिस्कवरच घ्यावा. तिचे काही सेक्टर खराब झालेले असू शकतात. विंडोज ते पुन्हा पुन्हा वाचत बसते. 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा' असा संदेश आला तर 'कॅन्सल' दाबावं. अशा डिस्कवर आधी दुरुस्तीचे प्रयोग करू नयेत, कारण चेकडिस्कसारखं साधनही मरायला टेकलेल्या डिस्कला आणखी दमवतं. उघडते आहे तोवर महत्त्वाच्या फाइल्स आधी दुसरीकडे उतरवाव्यात. टकटक असा आवाज येत असेल तर डिस्क काढून ठेवावी आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याला दाखवावी.

आणि डिस्क काढली की सुरू होत नसेल तर?

हेही घडतं. विंडोज टाकताना बाहेरची डिस्क लावलेली राहिली, तर सुरू करून देणाऱ्या फाइल्स कधी कधी त्याच डिस्कवर जाऊन बसतात. मग ती काढली की कॉम्प्युटर गप्प. अशा डिस्कला चुकूनही फॉरमॅट करू नये. त्या फाइल्स आतल्या डिस्कवर नव्याने तयार करून घ्याव्या लागतात. जाणकाराला हे काम फार वेळाचं नाही. तोवर डिस्कवर 'काढू नये' अशी चिठ्ठी चिकटवून ठेवलेली बरी.